विजेरीचे दंतुर कडे

मुठीत मावणाऱ्या काही विजेऱ्यांच्या तोंडाशी, म्हणजे भिंगाची काच जागेवर धरून ठेवणाऱ्या कड्याला, किल्ल्याच्या तटावर असतात तशा चर्या पाडलेल्या असतात. अमेरिकी उत्पादक या कड्याला ‘स्ट्राइक बेझल’ म्हणतात आणि हल्लेखोरावर आघात करण्याचे साधन म्हणून त्याची जाहिरात करतात. विजेरी या निरुपद्रवी वस्तूला शस्त्राचे रूप देण्याची ही अलीकडची युक्ती असावी, असे ते पाहताना सहज वाटते. पण इतिहासाचा क्रम याच्या उलट आहे. विजेरी आधीच हत्यार झालेली होती, आणि आकार लहान होताना तिने गमावलेले वजन भरून काढण्यासाठी हे दाते आले.

डेव्हिड मिसेल या संशोधकाच्या नळीच्या आकाराच्या विजेरीला 10 जानेवारी 1899 रोजी अमेरिकी पेटंट मिळाले आणि कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या काही पोलिसांना अशा विजेऱ्या वापरून पाहण्यासाठी दिल्या. ते दिवे क्षीण होते, त्यांचे घट लवकर थकत आणि पत्र्याची किंवा कागदी पुठ्ठ्याची नळी कोणावर उगारण्याजोगी नव्हती. हे चित्र बदलले ते 1960च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा कॅलिफोर्नियातील डॉन केलर या पोलिस अधिकाऱ्याने जाड अॅल्युमिनियमच्या नळीची ‘केल-लाइट’ बाजारात आणली. पाठोपाठ 1979 मध्ये टोनी मॅग्लिका यांची ‘मॅगलाइट’ आली. चार मोठे घट घातलेली मॅगलाइट किलोभराहून जड भरते आणि तिची लांबी एक फुटाहून अधिक असते, त्यामुळे रात्रपाळीच्या शिपायाच्या हाती दिवा आणि दंडुका या दोन्ही वस्तू एकाच नळीत आल्या. दंडुका उगारला की बघणाऱ्याच्या ते ध्यानात येते, विजेरी मात्र हातात असणे स्वाभाविकच मानले जाते, आणि हा फरक पोलिसांच्या चांगलाच पथ्यावर पडला.

या सोयीची किंमत उघड होण्यास फार काळ लागला नाही. 5 नोव्हेंबर 1992 रोजी डेट्रॉइट शहरात मॅलिस ग्रीन या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसांनी जड विजेऱ्यांनी केलेल्या मारहाणीत मृत्यू झाला. त्या प्रकरणी दोघा पोलिसांना 1993 मध्ये खुनासाठी दोषी ठरवण्यात आले, पुढे अपिलांत ते निकाल बदलत गेले. जून 2004 मध्ये लॉस एंजेलिसमधील एक पोलिस पाठलागानंतर पकडलेल्या संशयिताला विजेरीने मारत असल्याचे दृश्य हेलिकॉप्टरमधून चित्रित होऊन घरोघरी दिसले, आणि त्या दलाने अखेर मारण्यास अयोग्य अशी, प्लास्टिकच्या आवरणाची व सुमारे 300 ग्रॅम वजनाची ‘पेलिकन 7060’ ही विजेरी मुद्दाम तयार करवून 2007 मध्ये वापरात आणली.

दंतुर कड्याचे कूळ मात्र एका आखूड लाकडी दांड्याकडेही जाते. जपानी जुजुत्सू परंपरेत मुठीतून दोन्ही बाजूंना थोडासा बाहेर येणारा ‘यावारा’ नावाचा दांडा होता. फ्रँक मात्सुयामा यांनी 1940च्या दशकात तो अमेरिकी पोलिसांना शिकवला, आणि त्यांच्या दांड्याच्या टोकांना धातूच्या बारीक अण्या होत्या, जेणेकरून समोरच्याने तो हिसकावून घेऊ नये. 1970च्या दशकात कराटेगुरू ताकायुकी कुबोटा यांनी त्याला ‘कुबोटान’ हे सुटसुटीत रूप दिले आणि लॉस एंजेलिस दलातील महिला पोलिसांना त्याचे शिक्षण दिले. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवता येणारा कुबोटान सुमारे 14 सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याचे बळ वजनात नसून टोकाच्या लहानशा क्षेत्रफळात असते, कारण तेवढाच जोर कमी जागेवर एकवटला की दाब वाढतो.

आता योगायोग असा की विजेरीही याच मापाला येऊन पोहोचली, आणि तीही कॅमेऱ्याच्या वाटेने. छायाचित्रणासाठी बनलेला ‘सीआर123ए’ हा तीन व्होल्टचा लिथियम घट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उंचीचा असतो. जॉन मॅथ्यूज यांच्या कॅलिफोर्नियातील कंपनीने, जी पुढे ‘शुअरफायर’ या नावाने ओळखली गेली, असे दोन घट एकापुढे एक ठेवून ‘6पी’ ही विजेरी बनवली. तिची लांबी 13 सेंटिमीटरच्या आसपास होती, आणि तिचा प्रकाश 65 ल्युमेन, म्हणजे अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना काही क्षण दिपवण्यास पुरेसा होता. कळ मागच्या टोकाला असल्यामुळे अंगठा तिच्यावर ठेवून मूठ आवळली की प्रकाश करंगळीच्या बाजूने बाहेर पडतो. मायकल हॅरिस यांनी 1970च्या दशकात रूढ केलेल्या, पिस्तूल व विजेरी एकत्र धरण्याच्या पद्धतीतही हीच पकड आहे. कुबोटान धरून मूठ खाली हाणली असता जे टोक लागते, तेच या पकडीत विजेरीचे तोंड असते. दाते मागे न येता पुढे, काचेभोवतीच का आले, याचे उत्तर या पकडीत आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘शुअरफायर’ने ‘डिफेंडर’ या नावाने दंतुर तोंडाच्या विजेऱ्या विकण्यास सुरुवात केली आणि पुढे एलईडीमुळे दिवा आणखी लहान व प्रखर झाल्यावर चिनी उत्पादकांनी तो आकार सर्वत्र पसरवला. दात्यांचा एक शांत उपयोगही आहे: विजेरी तोंडावर उभी ठेवली तरी खाचांतून उजेड झिरपतो, त्यामुळे ती चालू राहिल्याचे कळते. तरी जाहिरातीत या कड्याला मिळणारे महत्त्व त्याच्या वाट्याच्या कामापेक्षा पुष्कळ मोठे आहे, कारण डोळे दिपवणारा झोत दुरूनच काम करतो, तर दाते वापरायचे म्हणजे हल्लेखोर हाताच्या अंतरावर येईपर्यंत थांबावे लागते.

ज्यांच्या विजेरीला असे कडे नाही त्यांच्यासाठी ते सुटेही मिळते. अनेक विजेऱ्यांत काचेवरचे कडे आट्यांनी बसवलेले असते, ते फिरवून काढायचे आणि त्याजागी पोलादी दंतुर कडे बसवायचे, एवढेच हे काम दिसते. पण काच व कडे यांच्यामधील रबरी वळे नीट दाबले गेले नाही तर पाणी आत शिरते, आणि आट्यांचे माप प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असल्याने एकाचे कडे दुसऱ्याच्या तोंडाला बसेलच असे नाही. कड्यासाठी पोलाद निवडतात, कारण अॅल्युमिनियमचे दाते लवकर बोथट होतात. काही उत्पादक दात्यांच्या टोकांत कठीण सिरॅमिकचे बारीक मणी बसवतात, जे मोटारीची बाजूची काच फोडण्यासाठी असतात. अमेरिकेतील विमानतळांवर कुबोटान हातसामानात नेता येत नाही आणि दंतुर विजेरीकडेही तपासनीस त्याच नजरेने पाहण्याचा संभव असतो, म्हणून प्रवासी सपाट कडे बसवून निघतात आणि दंतुर कडे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकतात.