शास्त्रातील अवघड वचने आणि दोन मराठी पंडित

धुंडामहाराज देगलूरकरांमुळे ज्या गावाचे नाव महाराष्ट्रभर गेले, त्या गावातील श्रोत्यांना ग्रंथातील अवघड जागा म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. ज्ञानेश्वरीतील एखादी ओवी अडली, की प्रवचनकार मागचापुढचा संबंध पाहतो, उपक्रम कोठे आणि उपसंहार कोठे ते पाहतो, परंपरेने लावलेला अर्थ सांगतो आणि मग एकवाक्यता साधतो. मीमांसकांनी तर याचे शास्त्रच केले आहे. ख्रिस्ती लोकांचे बायबल हा एका हातचा ग्रंथ नव्हे. अनेक शतकांत, मुख्यतः हिब्रू आणि ग्रीक भाषांत लिहिलेल्या ग्रंथांचा तो संग्रह आहे. तेव्हा अवघड जागा तेथेही पुष्कळ. त्या जागी ख्रिस्ती मंडळ्यांनी काय केले, हे युरोपातील कथा सांगत बसण्यापेक्षा आपल्याच मराठी माणसांच्या चरित्रांतून पाहणे मला अधिक बोधक वाटते.

रोमन चर्चची वाट प्रथम सांगतो. 1546 साली ट्रेंट येथील धर्मसभेने ठरविले, की श्रद्धा व नीती यांच्या बाबतीत चर्चने धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणीही शास्त्राचा स्वतंत्र अर्थ लावू नये. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते या व्यवस्थेतच. त्यांनी मूळ वचने श्रोत्यांच्या हाती दिली नाहीत. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत कथा सांगितली, मध्येच श्रोत्याला शंका विचारायला लावली आणि तिचे उत्तरही दिले. ही आपल्या पुराणिकांचीच रीत झाली.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी उलट केले. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे आणि अवघड वचनाचा अर्थ दुसऱ्या सोप्या वचनावरून लावावा, हा त्यांचा नियम. उदाहरण घेऊ. लूकच्या चौदाव्या अध्यायात असे वचन आहे, की जो आपल्या आईबापांचा द्वेष करीत नाही, त्याला ख्रिस्ताचा शिष्य होता येणार नाही. मातृदेवो भव, पितृदेवो भव असे ज्यांना मुंजीपासून शिकविले, त्यांना हे वाचून काय वाटले असेल? आणि हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हता. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयी म्हणून न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर घ्यावे म्हणणाऱ्यांत होते. हेच नारायण शेषाद्री पुढे आपल्या मराठवाड्यात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली. आता त्या वचनाची उपपत्ती प्रॉटेस्टंट टीकाकार अशी लावतात: मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तीच गोष्ट ‘माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा’ अशा शब्दांत आली आहे; शिवाय उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाला राहेल अधिक आवडे असे सांगून लगेच लेआ ‘नावडती’ होती म्हणताना मूळ हिब्रूत द्वेषाचाच शब्द आहे. म्हणजे द्वेष करणे ही ‘कमी प्रीती करणे’ अशा अर्थाची बोलण्याची लकब ठरते. उपपत्ती चांगली आहे. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घराचे समाधान मात्र तिने होणे कठीण.

पण काही जागा अशा आहेत, की वचनावर वचन घासूनही भागत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी दुर्जनांना सार्वकालिक शिक्षा सांगितली आहे. काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित नीळकंठशास्त्री गोरे (जन्म 1825) यांनी ख्रिस्ती होण्याआधी 1844-45 च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा खंडनपर संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यांचा आक्षेप रोखठोक होता. पाप मर्यादित, मग दंड अमर्याद कसा? पूर्वजन्म नाही म्हणता, तर जन्मांधाने कोणते पाप केले? पुढे 1848 साली तेच गोरे जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. आक्षेप मात्र धर्मांतराबरोबर गेले नाहीत. अनंत नरकाच्या शंकेने या माणसाला पुढेही छळले.

विलायतेतही याच वचनावर रणे माजली होती. 1853 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातून मॉरिस या प्राध्यापकाला यापायीच जावे लागले. 1877 साली फॅरर यांनी वेस्टमिन्स्टरच्या मंदिरात व्याख्याने देऊन, ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अंतहीन’ असा घेऊ नये असे प्रतिपादले. उलट पक्षाने विचारले, की त्याच वाक्यात नीतिमानांच्या जीवनाला तेच विशेषण आहे, मग तेही संपणारे धरायचे काय? गोरे शब्दार्थाच्या या वाटेने गेले नाहीत. एकट्याच्या बुद्धीने वाचू लागले तर शंकेला तळ नाही, असे पाहून ते प्राचीन अखंड चर्चच्या परंपरेकडे वळले आणि काउलीच्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघात उमेदवार म्हणून राहिले. 1895 साली मुंबईत त्यांचा अंत झाला. षड्दर्शनांवर दर्पण लिहिणारा तार्किक शेवटी आप्तवाक्यावर विसावला, याला कोणी पराभव म्हणेल. मी म्हणणार नाही. शब्दप्रमाण मानणाऱ्या कुळातूनच तो आला होता.

आता दुसरी पंडिता. रमाबाईंना ख्रिस्ती मताचे सत्य पटविण्यात गोऱ्यांच्या पत्राचा वाटा होता, हे त्यांनीच सांगितले आहे. 1883 साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच झगडा सुरू झाला. त्यांना ओढले होते ते योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी बाईच्या कथेने. सिस्टर जेराल्डिन मात्र त्यांच्याकडून अथानासियसच्या नावावरील मतांगीकार मागत होत्या, ज्यात तो संपूर्ण न मानणाऱ्याचा सर्वनाश सांगितला आहे. त्रैक्य, कुमारीजन्म, एकेका गोष्टीवर पत्रे झडली. नुकतेच एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकले, आता दुसऱ्याचे घेणार नाही, असे रमाबाईंनी साफ कळविले. गोऱ्यांना ज्या छायेत विसावा मिळाला, तीच यांना जाच वाटली.

मग अर्थ ठरवायचा कोणी? रमाबाईंनी उतारवयात केडगावी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. संस्कृत शब्दांना आपल्या शास्त्रांचे अर्थ चिकटलेले असतात, ते ख्रिस्ती वचनात नकळत शिरतात, ही त्यांची तक्रार. म्हणून कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलेल्या बाईने संस्कृत बाजूला सारून खेडवळ बाईला कळेल अशी मराठी धरली. भाषांतर शब्दशः आहे आणि जागोजाग खडबडीत वाटते. मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. गंमत अशी, की चर्चची सत्ता झुगारणाऱ्या रमाबाई ग्रंथाच्या अक्षराला पुढे फारच घट्ट बांधल्या गेल्या. युरोपातील ऐतिहासिक चिकित्सा त्यांना मानवली नाही. रोमन चर्चनेच पुढे 1943 साली आपल्या पंडितांना ग्रंथकाराचा काळ आणि लेखनप्रकार पाहून अर्थ लावायला सांगितले, आणि 1965 च्या धर्मसभेने ते कायम केले.

रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. बायबल 1924 साली मुक्ति मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविण्यापासूनची कामे आश्रमातील बायकांनी केली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे वचन आहे. तेही रमाबाईंना मराठीत उतरवावे लागले आणि त्या बायकांना जुळवावे लागले. त्याच आश्रमातील मुलींच्या टोळ्या 1905 साली आसपासच्या खेड्यांतून शुभवर्तमान सांगत हिंडत होत्या.