विजेवर तापणारे घर : क्वेबेकमधील घरगुती वीजवापर

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बहुसंख्य घरे हिवाळ्यात विजेवर उबदार ठेवली जातात. खिडकीखाली, भिंतीच्या तळाशी बसवलेली पत्र्याची लांबट पेटी, तिच्यातला तापणारा रॉड आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर वेगळा थर्मोस्टॅट, एवढीच बहुतेक घरांतली यंत्रणा. या पेटीला बेसबोर्ड हीटर म्हणतात. अशा स्वतंत्र घराचा वर्षाचा वीजवापर २० हजार युनिटांच्या पुढे सहज जातो आणि त्यातला अर्ध्याहून अधिक भाग केवळ खोल्या तापवण्यात खर्च होतो. महाराष्ट्रात ज्या कुटुंबाचे बिल महिना १०० युनिटांच्या पहिल्या टप्प्यात बसते, त्याला वर्षभर पुरणारी वीज अशा घरात जानेवारीच्या नऊ-दहा दिवसांत संपते.

हा आकडा उधळपट्टीचा पुरावा नव्हे. पंखे, टीव्ही, दिवे यांच्या हिशेबाने वीजबिल वाचायची सवय ज्यांना असते, त्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. विजेवर तापणाऱ्या घराचे बिल मुख्यतः दोन गोष्टी सांगते : बाहेर किती थंडी होती आणि भिंतींनी आतली ऊब किती धरून ठेवली. घरातल्या माणसांची काटकसर त्यानंतर येते.

क्वेबेक विजेकडे वळला तो नद्यांमुळे आणि राजकारणामुळे. हायड्रो-क्वेबेक ही सरकारी वीज कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली. पुढे जाँ लसाज यांच्या सरकारातले नैसर्गिक संपत्ती खात्याचे मंत्री रेने लेव्हेक यांनी खासगी वीज कंपन्या ताब्यात घेण्याचा आग्रह धरला. १९६२ ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली आणि १९६३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. त्या काळी घरोघरी तेलावर चालणाऱ्या भट्ट्या होत्या. १९७३ च्या तेलसंकटाने तेल महागले, तर उत्तरेकडे जेम्स बे परिसरात ला ग्रांद नदीवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प उभा राहत होता. प्रांताचे प्रमुख रॉबेर बुरासा यांनी तो १९७१ मध्ये जाहीर केला होता. त्यांचेच नाव मिळालेल्या तिथल्या सर्वांत मोठ्या केंद्राची क्षमता ५,६१६ मेगावॉट आहे. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी केंद्रे मिळून १,९६० मेगावॉट होतात, म्हणजे हे एकटे केंद्र कोयनेच्या जवळजवळ तिप्पट. तिथून वीज दक्षिणेकडे आणण्यासाठी ७३५ किलोव्होल्टच्या वाहिन्या होत्या. या दाबाची जगातली पहिली वाहिनी क्वेबेकनेच १९६५ मध्ये सुरू केली होती. वीज मुबलक आणि स्वस्त झाली, बेसबोर्ड हीटर बसवायलाही स्वस्त होता, आणि नव्या घरांत तो सर्रास लागू लागला.

या स्वस्ताईची किंमत इतरांनी मोजली, हे अशा नोंदीत सांगितलेच पाहिजे. जेम्स बेच्या धरणांखाली तिथल्या मूळनिवासी क्री लोकांच्या शिकारीच्या आणि मासेमारीच्या जमिनी गेल्या. काम त्यांना न विचारता सुरू झाले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये क्री व इन्युइट लोकांशी करार झाला. माँट्रियलच्या फ्लॅटमध्ये हीटर तापतो त्यामागे हा इतिहास आहे.

बेसबोर्ड हीटरचे भौतिकशास्त्र साधे आहे. एक युनिट वीज घेतली की तो एक युनिट उष्णता देतो, कमी नाही आणि जास्तही नाही. म्हणून ‘जास्त कार्यक्षम’ किंवा ‘वीज वाचवणारा’ अशी जाहिरात असलेला महागडा रेझिस्टन्स हीटर आणून बिल कमी होत नाही. कमी करायची असते ती घरातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेची गळती. गळती मोजायची रीत अशी : समजा, आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना घर १५० वॉट उष्णता गमावते. बाहेर उणे १० आणि आत २० अंश असेल तर फरक ३० अंशांचा. तापमान टिकवायला सतत साडेचार किलोवॉट लागतात, दिवसाला १०८ युनिटे. बाहेर उणे २५ झाले की हाच आकडा १६२ वर जातो. घरात कोणी काहीही वेगळे केलेले नसते.

यातूनच बिल वाचण्याची खरी पद्धत निघते. कॅनडात त्यासाठी ‘हीटिंग डिग्री डे’ हे माप वापरतात. दिवसाचे सरासरी तापमान १८ अंशांपेक्षा जितके खाली, तितके त्या दिवसाचे अंश. ते वर्षभर मिळवत जायचे. माँट्रियलमध्ये ही बेरीज चार हजारांच्या वर जाते. वरच्या उदाहरणातले घर त्या हिशेबाने फक्त तापण्यासाठी वर्षाला सुमारे १५ हजार युनिटे घेईल. आता उन्हाळ्यातले, हीटर आणि एसी दोन्ही बंद असतानाचे बिल घ्यावे. त्यात जो दैनंदिन वापर दिसतो तो घराचा पाया : गरम पाणी, फ्रीज, स्वयंपाक, कपडे धुणे-वाळवणे, दिवे. हिवाळ्याच्या बिलातून हा पाया वजा करून उरलेल्या युनिटांना त्या काळातल्या डिग्री डेंनी भागले की घराचा स्वतःचा आकडा मिळतो. तो दरवर्षी जवळपास सारखा असायला हवा. बिल वाढले पण हा आकडा तोच राहिला, तर दोष थंडीचा. आकडाच वाढला, तर घरात किंवा राहणीत काही बदलले आहे. पाया वाढला असेल, तर हीटरला दोष देण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याच्या बिलाशी तुलना करण्यापेक्षा हा भागाकार कितीतरी जास्त सांगून जातो. हायड्रो-क्वेबेकच्या संपर्कक्षम मीटरमुळे ग्राहकाला तासातासाचा वापर पाहता येत असल्याने त्यासाठी दोन महिन्यांच्या बिलाची वाट पाहावी लागत नाही.

गळतीचा शोध घेताना तळघराकडे आधी पाहावे. क्वेबेकच्या जुन्या घरांत काँक्रीटचा पाया बहुधा उघडाच असतो, आणि उघडे काँक्रीट उष्णता बाहेर जाऊ देण्यात फार उदार असते. त्यानंतर माळा. गरम हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. ऊर्जातपासनीस दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब कमी करतात आणि हवा कुठून शिरते ते शोधतात. प्रांताच्या रेनोक्लिमा कार्यक्रमात अशी तपासणी होते. माँट्रियलच्या तीनमजली इमारतींत मधल्या मजल्याचे बिल वरच्या-खालच्या बिऱ्हाडांपेक्षा कमी येते, कारण छत आणि जमीन दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब मिळते.

थर्मोस्टॅट हा दुसरा संशयित. जुन्या, द्विधातू पट्टीच्या थर्मोस्टॅटचा काटा २० वर असताना खोली दोन-तीन अंशांनी वर-खाली होते आणि थंडी वाजली की माणूस काटा आणखी पुढे सरकवतो. इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट तापमान बरेच स्थिर ठेवतो. हायड्रो-क्वेबेकच्या सल्ल्यात एक अंश कमी ठेवल्यास तापवण्याचा खर्च सुमारे पाच टक्के घटतो असे सांगितले जाते, आणि हिवाळाभराचा सरासरी फरक वीस अंशांच्या आसपास धरला तर तो हिशेब बरोबर बसतो. रात्री तापमान उतरवले तर सकाळी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, हा समज बेसबोर्ड हीटरच्या बाबतीत चुकीचा आहे. घर जितका वेळ थंड, तितका वेळ गळती कमी. ती बचत परत जात नाही.

पाया फुगवणाऱ्या गोष्टींत पहिला मान गरम पाण्याच्या टाकीचा. महाराष्ट्रातला १५ लिटरचा गीझर आंघोळीपुरता लावला आणि बंद केला जातो. क्वेबेकमधली १८० किंवा २७० लिटरची टाकी चोवीस तास चालू असते. हिवाळ्यात नळाचे पाणी तीन-चार अंशांवर येते. ते ६० अंशांपर्यंत नेताना १८० लिटरच्या एका टाकीला सुमारे १२ युनिटे लागतात. उन्हाळ्यात पाणी २० अंशांवर येत असेल तर साडेआठ पुरतात. म्हणजे पायादेखील थंडीत थोडा वर सरकतो. लेजिओनेला जिवाणूच्या धोक्यामुळे टाकीचे तापमान ६० अंशांखाली उतरवू नये. बचत करायची ती कमी पाणी सोडणाऱ्या शॉवरने आणि थेंबथेंब गळणारा गरम पाण्याचा नळ दुरुस्त करून.

बाकीचे संशयित घराघरांत वेगळे. अंगणातला गरम पाण्याचा स्पा, तापवलेले गॅरेज, न्हाणीघराची गरम फरशी, विजेवरची मोटार. गाडीचे इंजिन गोठू नये म्हणून लावलेला ब्लॉक हीटर अनेक जण रात्रभर चालू ठेवतात. टायमर लावून निघण्याआधीचे दोन-तीन तास दिले तरी काम होते. भाड्याच्या जुन्या इमारतीत कधी जिन्यातले दिवे किंवा शेजारच्या बिऱ्हाडाची एखादी वाहिनी आपल्याच मीटरला जोडलेली निघते. आपल्या बोर्डावरचे सगळे ब्रेकर पाडून मीटर पाहिला आणि मग एकेक चढवत गेले की कोणती वाहिनी किती खाते ते कळते. मीटरच सदोष असणे दुर्मीळ. तरी शंका राहिली तर मेझरमेंट कॅनडा या संघराज्याच्या यंत्रणेकडे तक्रार करता येते.

दिव्यांबद्दलचा सल्ला इथे जपून द्यावा लागतो. ६० वॉटचा जुना बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर ५१ वॉट वाचतात, हे उन्हाळ्यात खरे. हिवाळ्यात जुन्या बल्बची उष्णता खोलीतच राहत होती. ती गेली की थर्मोस्टॅट बेसबोर्ड हीटरकडून तेवढीच भरून घेतो. फ्रीज, टीव्ही, संगणक यांचेही तसेच. त्यामुळे उपकरणे बदलूनही जानेवारीचे बिल हलले नाही, ही तक्रार करणाऱ्याचे काही चुकलेले नसते.

बिल खरोखर हलवतो तो हीट पंप. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतून आत उपसतो. हवा बेताची थंड असताना एका युनिटात तीन युनिटांएवढी उष्णता मिळते. उणे १५ च्या सुमारास चांगल्या यंत्राकडून दोनएक. त्याहून कडाक्यात आणखी कमी. मात्र भिंतीवरचा हीट पंप आणि त्याच खोलीतले बेसबोर्ड हीटर दोन्ही २१ अंशांवर लावले, तर हीटर आधी पेटतात आणि पंप निम्मा रिकामा बसतो. पैसे घालूनही बिल तेवढेच राहण्याचे हे फार सामान्य कारण आहे. हीटरचे थर्मोस्टॅट दोन-तीन अंश खाली ठेवावेत, म्हणजे पंप कमी पडेल तेव्हाच ते मदतीला येतील.

दरांची रचनाही समजून घ्यावी. २०२५ मध्ये घरगुती दर दिवसाला पहिल्या ४० युनिटांसाठी प्रतियुनिट सुमारे ७ सेंट आणि त्यापुढे १०.६ सेंटच्या आसपास होता. वरच्या उदाहरणातले घर जानेवारीत ही मर्यादा रोज ओलांडते, म्हणून हिवाळ्यात वाचलेले प्रत्येक युनिट महाग टप्प्यातले असते. वर्षाचा खर्च समान हप्त्यांत वाटून घेण्याची सोय आहे, पण तिच्यामुळे हिवाळ्याची वाढ नजरेआड होते; हप्ता सारखा असला तरी युनिटे पाहत राहावीत.

कंपनीपुढचा प्रश्न एकूण युनिटांपेक्षा एकाच वेळी येणाऱ्या मागणीचा. ३ फेब्रुवारी २०२३ च्या संध्याकाळी, कडाक्याच्या थंडीत, प्रांताची मागणी ४२ हजार मेगावॉटच्या पुढे गेली. अशा सकाळ-संध्याकाळी वापर कमी करणाऱ्यांना हिवाळी सवलत आणि फ्लेक्स डी या योजनांतून लाभ मिळतो. लाखो घरांचे हीटर एकाच थंडीत पेटतात, हे या व्यवस्थेचे कायमचे दुखणे आहे. वीज गेली तर काय होते ते जानेवारी १९९८ च्या हिमवादळात दिसले : बर्फाच्या ओझ्याने वीजवाहिन्यांचे मनोरे कोसळले, क्वेबेकमधल्या १४ लाख ग्राहकांची वीज गेली, काहींची महिनाभर, आणि त्या घरांत ऊबही उरली नाही.

सगळ्यात अडचण होते ती भाडेकरूंची. भिंत घरमालकाची, बिल भाडेकरूचे. पायाला किंवा माळ्याला आवरण घालण्याचा खर्च ज्याने करायचा, त्याला त्याचा फायदा मिळत नाही, म्हणून तो होत नाही. क्वेबेकमध्ये घरे बदलण्याचा दिवस १ जुलै. भर उन्हाळ्यात पाहिलेल्या फ्लॅटची गळती जानेवारीच्या बिलातच उघड होते, आणि नव्याने आलेल्या, हिवाळा न पाहिलेल्या कुटुंबांना ती सर्वाधिक झोंबते; त्यांत भारतातून आलेली कुटुंबेही असतात. १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात थकबाकीसाठी राहत्या घराची वीज तोडता येत नाही, पण थकबाकी माफ होत नाही. हायड्रो-क्वेबेक कोणत्याही पत्त्यावरच्या वापराचा अंदाज विचारल्यास देते. करारावर सही करण्यापूर्वी तो मागून घ्यावा आणि भाड्यात मिळवूनच घर परवडते का ते ठरवावे.