शर्यत जिंकली वेंडेल स्कॉटने, ट्रॉफी नेली दुसऱ्यानेच

१ डिसेंबर १९६३. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं जॅक्सनव्हिल शहर. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आणि त्यावर २०० फेऱ्या, म्हणजे १०० मैल. आपल्या हिशोबाने सांगायचं तर खोपोलीहून पुण्याला जाऊन परत यायचं जवळपास तेवढं अंतर, तेही धुरळ्यात गोल गोल फिरत.

२५ फेऱ्या उरल्या होत्या, तेव्हा ३४ नंबरच्या शेवरोलेने रिचर्ड पेटीची गाडी मागे टाकली. ती चालवत होता वेंडेल स्कॉट. ठरलेल्या फेऱ्या त्याने पूर्ण केल्या, पण विजेत्यासाठीचा झेंडा काही हलला नाही. तो गाडी पळवतच राहिला. शेवटी विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं ते बक बेकरचं. ट्रॉफीही त्यालाच मिळाली.

स्कॉटने फेऱ्या पुन्हा मोजायला लावल्या. साधारण दोन तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केलं की जिंकला स्कॉटच, आणि तोही दोन फेऱ्यांच्या फरकाने. तोवर प्रेक्षक घरी गेले होते आणि ट्रॉफी घेऊन बेकरही.

अधिकाऱ्यांनी ही मोजणीतली चूक असल्याचं सांगितलं. त्या काळी फेऱ्या माणसंच मोजायची, त्यामुळे चुका व्हायच्या हे खरं. पण दोन फेऱ्यांनी पुढे असलेली गाडी कुणाच्याच नजरेत येऊ नये? स्कॉटला ते कधीच पटलं नाही. तो कृष्णवर्णीय होता. विजेत्याला ट्रॉफी देताना एक गोरी सौंदर्यवती त्याच्या गालाचं चुंबन घ्यायची, तसा रिवाजच होता. १९६३ च्या दक्षिण अमेरिकी राज्यात, भरल्या मैदानात ते दृश्य कुणाला नको होतं, असं स्कॉटचं म्हणणं होतं.

दारूच्या गाडीपासून ट्रॅकपर्यंत

स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ चा, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. गाड्या दुरुस्त करायला तो वडिलांकडून शिकला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वाहन विभागात होता. परत आल्यावर टॅक्सी चालवली, गॅरेज टाकलं आणि जोडीला रात्री हातभट्टीची दारू पोहोचवायची कामं केली.

या धंद्याचा आणि स्टॉक कार रेसिंगचा जवळचा संबंध आहे. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून घेतलेली साधी गाडी. दारू वाहणारेही अशीच गाडी घ्यायचे. बाहेरून ती चारचौघांसारखी दिसायची, पण पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून इंजिन वाढवलेलं असायचं. मग आपापसात कुणाची गाडी जास्त पळते, यावरून पैजा लागायला लागल्या. १९४८ मध्ये ‘नॅसकार’ ही संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या ड्रायव्हरांमध्ये असे बरेच जण होते.

स्कॉटची संधी तर थेट पोलिसांकडून आली. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या आयोजकांना गर्दी खेचण्यासाठी एक कृष्णवर्णीय ड्रायव्हर हवा होता. त्यांनी पोलिसांना विचारलं, दारू नेणाऱ्यांपैकी सगळ्यात वेगवान कोण? पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं.

आयोजकांच्या लेखी तो एक तमाशा होता, स्कॉटला मात्र आपलं काम सापडलं. नॅसकारच्या शर्यतींतून सुरुवातीला त्याला परत पाठवलं गेलं. मग त्याने लहान स्पर्धांमध्ये नाव कमावलं, १९५३ मध्ये परवाना मिळवला आणि १९५९ मध्ये व्हर्जिनिया राज्याचं स्पोर्ट्समन विजेतेपद जिंकलं. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत तो उतरला ४ मार्च १९६१ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी.

इथून पुढची लढाई पैशांची होती. पेटीसारख्यांच्या मागे कंपन्या होत्या. स्कॉटकडे जुन्या गाड्या होत्या आणि मदतीला स्वतःची मुलं. जॅक्सनव्हिलची ती शेवरोलेही त्याने नेड जॅरेट या दुसऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेली होती. इंजिन तोच खोलायचा आणि गाडीही तोच चालवायचा. बक्षिसाच्या रकमेवर घर चालायचं, त्यामुळे गाडी फोडून घेणं परवडणारं नव्हतं. हे लक्षात ठेवून आकडे बघा: ४९५ शर्यती, त्यातल्या १४७ मध्ये पहिल्या दहात आणि १९६६ च्या हंगामात एकूण सहावा क्रमांक. विजय मात्र एकच, जॅक्सनव्हिलचा.

मे १९७३ मध्ये टॅलाडेगा इथे अनेक गाड्या एकमेकांवर आदळल्या. त्यात स्कॉट गंभीर जखमी झाला. ऑक्टोबरमध्ये शार्लट इथे तो पुन्हा उतरला, बारावा आला आणि त्यानंतर त्याची कारकीर्द संपल्यातच जमा होती. १९७७ मध्ये त्याच्या आयुष्यावर ‘ग्रीस्ड लाइटनिंग’ नावाचा सिनेमा आला, रिचर्ड प्रायर त्याच्या भूमिकेत होता. २३ डिसेंबर १९९० रोजी स्कॉटचं निधन झालं. २०१५ मध्ये त्याला नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तिथे पोहोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर.

ट्रॉफी? बक्षिसाचे पैसे स्कॉटला मिळाले होते, ट्रॉफी मात्र हयात असेपर्यंत मिळाली नाही. नॅसकारने ती त्याच्या कुटुंबाला दिली २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोना इथे. दुसऱ्या दिवशी स्कॉटची जन्मशताब्दी होती. त्यानंतर सव्वा महिन्याने, ४ ऑक्टोबरला, बबा वॉलेसने टॅलाडेगाची शर्यत जिंकली. स्कॉटनंतर सर्वोच्च मालिकेत जिंकणारा तो दुसरा कृष्णवर्णीय ड्रायव्हर. मधे जवळपास ५८ वर्षं गेली होती.