अर्ली डिसिजन प्रवेशातून माघार

अर्ली डिसिजन प्रवेशातून माघार : अमेरिकेतील महाविद्यालयात पदवीसाठी बंधनकारक लवकर अर्ज करून प्रवेश मिळाल्यावर तो सोडणे. पैशांची अडचण हे माघारीचे सर्वमान्य कारण असून त्याची सोय मूळ करारातच असते.

करार : विद्यार्थ्याला एका वेळी एकाच महाविद्यालयाकडे असा अर्ज करता येतो. पहिल्या फेरीची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर असते व निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. दुसऱ्या फेरीचे अर्ज जानेवारीत घेतात आणि निकाल फेब्रुवारीत लावतात. प्रवेश मिळाला की इतर ठिकाणचे अर्ज मागे घेऊन अनामत भरायची असते. करारपत्रावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. ब्राउन, कॉर्नेल, ड्यूक येथे ही पद्धत आहे. हार्वर्ड, येल, एमआयटी यांचे लवकर प्रवेश बंधनकारक नाहीत.

कारणे व रीत : मिळालेल्या आर्थिक साहाय्यात शिक्षण परवडत नसेल, तर प्रवेश नाकारता येतो. घरातील गंभीर आजारपण किंवा मृत्यू अशा प्रसंगीही महाविद्यालये बहुधा सवलत देतात. दुसरीकडे मन गेले, हे कारण मात्र धरले जात नाही. माघार घेण्याआधी साहाय्य विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करावा. नोकरी गेली, औषधोपचाराचा खर्च वाढला किंवा धंद्याची मिळकत कागदावर दिसते तेवढी हाती येत नाही, असे काही असल्यास त्याचे पुरावे जोडावेत. तरीही जमत नसेल, तर करारातून मोकळे केल्याचे लेखी उत्तर घ्यावे. साहाय्य मागणाऱ्याने त्याचा आकडा हाती येईपर्यंत बाकीचे अर्ज मागे घेऊ नयेत. एकदा मागे घेतलेला अर्ज पुन्हा विचारात घेतला जाईलच असे नाही.

परिणाम : करार मुख्यतः शब्दावर चालतो, शुल्क वसूल करण्यासाठी महाविद्यालये सहसा न्यायालयात जात नाहीत. भरलेली अनामत मात्र बहुधा बुडते. विनाकारण करार मोडल्याचे कळल्यास दुसरे महाविद्यालयही प्रवेश रद्द करू शकते. समुपदेशकाची सही असल्याने शाळेची पत पणाला लागते आणि त्याची झळ पुढच्या तुकडीला बसू शकते. २०२५ मध्ये टुलेन विद्यापीठाने अशाच कारणावरून कोलोरॅडोतील एका शाळेच्या विद्यार्थ्यांना वर्षभर अर्ली डिसिजन बंद केल्याचे वृत्त आले. एकाने मोडलेल्या शब्दाची शिक्षा इतरांना देणे अन्यायाचेच आहे.

वाद : एव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर यांनी ‘द अर्ली अॅडमिशन्स गेम’ (२००३) या ग्रंथात लवकर अर्जाचा लाभ एसएटी परीक्षेतील सुमारे १०० गुणांइतका असल्याचे दाखवले. हा लाभ निर्धास्तपणे घेता येतो तो पैशांची काळजी नसलेल्या घरांना. इतरांना साहाय्याचे निरनिराळे देकार शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये या पद्धतीमुळे स्पर्धा मारली जाते, अशी तक्रार करत ३२ महाविद्यालयांविरुद्ध बोस्टनच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला.

भारतीय विद्यार्थी : त्यांना अमेरिकी सरकारचे साहाय्य मिळत नाही, महाविद्यालयाच्या निधीवरच भिस्त असते. साहाय्य मागितल्यास प्रवेशाची संधी घटेल या भीतीने अर्जात ‘साहाय्य नको’ असे भरण्याचा मोह होतो. अनेक महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याला नंतर साहाय्य मागू देत नाहीत. अशा वेळी पैशांच्या कारणाने माघार घेणेही अवघड होते. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरील खर्चाचे गणक प्रामुख्याने अमेरिकी कुटुंबांसाठी बेतलेले असल्याने शेती किंवा घरचा धंदा असलेल्यांना त्यांचा अंदाज फसवा ठरू शकतो. म्हणून चारही वर्षांचा खर्च, रुपयाची घसरण धरून, ऑक्टोबरमध्येच मांडावा आणि तो झेपणार नसेल तर बंधन नसलेला अर्ज करावा. साहाय्य खरोखर कमी पडून माघार घ्यावी लागली, तर त्यात शब्द मोडल्याचा दोष नाही; करारानेच दिलेला तो हक्क आहे.