शिरगणती, जमिनीचें दप्तर आणि पूर्वजांचा शोध

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पहिली शिरगणती १७९० सालीं झाली. परंतु १८४० पर्यंतच्या गणतींत नांव असे तें केवळ कुटुंबप्रमुखाचें; बायकामुलें निव्वळ आंकड्यांत. १८५० पासून मात्र गणतींत येणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव, वय व जन्मस्थान लिहिलें जाऊं लागलें. पश्चिमेकडे वसाहतीस गेलेल्या पूर्वजांचा माग काढणें वंशजांना त्यामुळें सुलभ झालें.

तथापि या साखळीचा एक दुवा तुटलेला आहे. १८९० च्या गणतीचे बहुतेक कागद १९२१ सालीं वॉशिंग्टन येथें लागलेल्या आगीच्या वेळीं खराब झाले व पुढें नष्ट करण्यांत आले. सहा कोटींहून अधिक लोकांपैकीं सुमारें ६,००० नांवेंच उरलीं.

ही उणीव जमिनीचे कागद बऱ्याच अंशीं भरून काढतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानें १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. मात्र पांच वर्षें तेथें राहून ती कसल्याचें दोन साक्षीदारांकरवीं शाबीत करावें लागे. त्या जबान्यांत घर, नांगरलेलें शेत व कुटुंब यांची माहिती सांपडते.

परंतु दप्तर सर्वांशीं सारखें बोलत नाहीं. १८५० व १८६० सालीं गुलामांची नोंद मालकाच्या नांवाखालीं, बहुधा वय, लिंग व वर्ण एवढीच होई. त्यांच्या वंशजांचा शोध पुष्कळदां १८७० च्या गणतीपाशींच अडतो. त्यापलीकडे जाण्यास पूर्वीच्या मालकांचीं मृत्युपत्रें व मिळकतीच्या याद्या चाळाव्या लागतात. कारण तेथें माणसेंहि मिळकत म्हणूनच नोंदलेलीं असत.