एका शब्दाचा माणूस

मराठीत 'वाचा बसणे' असा एक वाक्प्रचार आहे. भयाने, शोकाने किंवा अर्धांगाच्या झटक्याने, कशानेही माणसाचे बोलणे थांबले की आपण तोच शब्दप्रयोग करतो. घसा बसतो तशी वाचाही बसते, अशी ही कल्पना आहे. परंतु ज्याचा कंठ शाबूत आहे, जीभ हलते आहे, कान ऐकत आहेत आणि तरीही शब्द येत नाहीत, त्याची वाचा नेमकी कोठे बसलेली असते? वैद्यकाच्या परिभाषेत ज्याला वाचाघात म्हणतात, त्या विकाराचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. भाषा हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आपल्यासारख्यांनी तो इतिहास केवळ डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही, कारण आपण वर्गात शिकवतो त्या सिद्धान्तांपैकी निदान एक तरी या रुग्णांच्या मोडक्या बोलण्यातून उभा राहिलेला आहे.

११ एप्रिल १८६१ रोजी पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एका एक्कावन्न वर्षांच्या रुग्णाला शल्यविभागात हलवण्यात आले. त्याच्या उजव्या पायाचे मांस सडू लागले होते. गेली एकवीस वर्षे तो याच रुग्णालयात राहत होता आणि या काळात त्याला काहीही विचारले तरी तो 'तां, तां' एवढेच उच्चारत असे. रुग्णालयात सारे त्याला 'तां' याच नावाने ओळखत. शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी त्याला तपासले तेव्हा त्याला बोललेले कळते, याविषयी त्यांना शंका राहिली नाही. येथे किती वर्षे आहेस असे विचारल्यावर त्याने डाव्या हाताची पाच बोटे चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवले. ब्रोका यांनी तोच प्रश्न पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मात्र आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो संतापला आणि त्याच्या तोंडून देवाच्या नावाने एक फ्रेंच शिवी बाहेर पडली. एरवी कितीही यत्न केला तरी ती त्याला हुकमी उच्चारता येत नसे.

१७ एप्रिलला तो वारला. दुसऱ्या दिवशी, १८ एप्रिलला, ब्रोका यांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे ठेवला. डाव्या बाजूच्या अग्रखंडात कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी पडलेली होती.

या घाईचे कारण समजून घ्यायला हवे. शतकाच्या आरंभी फ्रान्झ योझेफ गाल यांनी प्रत्येक मनोव्यापाराला मेंदूत स्वतंत्र जागा असते असे प्रतिपादन केले होते. शाळेत असताना ज्या सोबत्यांचे डोळे पुढे आलेले होते त्यांचे पाठांतर चांगले असे, या निरीक्षणातून त्यांनी शब्दस्मृतीला डोळ्यांमागे स्थान दिले. कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणारे त्यांचे शास्त्र पुढे हास्यास्पद ठरले. पण त्यातला मूळ विचार बुयो यांनी १८२५ पासून लावून धरला होता. विरुद्ध पक्षाला मेंदूचे असे तुकडे पाडणे मान्य नव्हते. आत्मा एक आणि अखंड असेल तर वाणीला एखादी वळकटी कशी नेमून देता येईल, अशी त्यामागची धारणा होती. ४ एप्रिल १८६१ रोजी बुयोंचे जावई ओबेर्तां यांनी भर सभेत आव्हान दिले, की वाणी गेलेली असूनही अग्रखंड निरोगी असलेला एक जरी मेंदू कोणी दाखवला तर आपण हे मत सोडून देऊ. त्यानंतर सातच दिवसांनी हा रुग्ण ब्रोकांच्या समोर आला. म्हणजे तो आला तेव्हा पुरावा म्हणूनच आला. त्याच्या मरणाची वाट वादाचे दोन्ही पक्ष पाहत होते.

त्याच वर्षी ब्रोकांना लेलाँ नावाचा दुसरा रुग्ण भेटला. चौऱ्यांशी वर्षांच्या या वृद्धाजवळ पाच शब्द उरले होते. त्यांत 'हो', 'नाही' आणि 'नेहमी' होते, स्वतःच्या नावाचा एक तुकडा होता आणि कोणत्याही संख्येसाठी वापरला जाणारा 'तीन' होता. मुले किती, असे विचारता तो 'तीन' म्हणे आणि बोटे चार दाखवी. मुलगे किती? 'तीन', आणि बोटे दोन. मुली किती? पुन्हा 'तीन', आणि पुन्हा दोन बोटे. हिशेब अचूक होता. चुकत होता तो फक्त शब्द. १८६५ मध्ये ब्रोकांनी वाणीचा संबंध मेंदूच्या डाव्या अर्धाशी आहे असे स्पष्टपणे मांडले. त्याच वर्षी मार्क डाक्स या दिवंगत वैद्याचे तशाच आशयाचे १८३६ चे टिपण त्याच्या मुलाने प्रसिद्ध केले. १८७४ मध्ये ब्रेस्लाउच्या सव्वीस वर्षांच्या कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार दाखवला. या रुग्णांचे बोलणे अस्खलित असते, पण त्याला अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नाही. वाणीची जागा एक नसून अनेक जागा आणि त्यांना जोडणारे तंतू मिळून भाषा घडते, या विचाराची ही सुरुवात होती.

आपल्याकडे भर्तृहरीने शब्दावाचून ज्ञान नाही असे म्हटले आणि वाणीच्या पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा अवस्था सांगितल्या. आमच्या प्राचीनांना मेंदूशास्त्र ठाऊक होते असला दावा आम्हाला करायचा नाही. त्यांचा प्रश्न निराळा होता. पण वैखरी कोसळली म्हणजे आतले सारेच कोसळले असे होत नाही, हा भेद करायला ती परिभाषा आजही उपयोगी पडते. 'तां' म्हणणाऱ्याजवळ काळाचे भान होते, गणित होते आणि अपमानाची जाणीव होती.

शिवीचे कोडे मात्र उरते. त्याचा दुसरा साक्षीदार साहित्याच्या इतिहासातला आहे. मार्च १८६६ मध्ये बेल्जियममधील नामूर येथील सँ-लू चर्च पाहत असताना शार्ल बोदलेअर कोसळला. पुढल्या काही दिवसांत त्याचे उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. फ्रेंच कवितेचे वळण बदलणाऱ्या या कवीजवळ अखेरीस जवळजवळ एकच उद्गार उरला, आणि तो होता बिसेत्रमधील त्या रुग्णाच्या शिवीचेच संक्षिप्त रूप. ब्रसेल्समध्ये त्याची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींना ते पाखंड वाटले. ३१ ऑगस्ट १८६७ रोजी, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला. एक जोड्यांचा कारागीर आणि एक महाकवी, दोघांपाशी उरलेले शब्दधन असे एकाच नाण्याचे निघावे, हा योगायोग नव्हे. लंडनचे जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी पुढे त्याची उपपत्ती लावली. विधान करण्यासाठी जुळवलेली भाषा वेगळी आणि भावनेच्या भरात आपोआप निसटणारी भाषा वेगळी. पहिली नष्ट झाली तरी दुसरी तग धरू शकते. शिव्या, आकड्यांची उजळणी, पाठ असलेल्या प्रार्थना आणि गाणी या दुसऱ्या कोठारातल्या गोष्टी.

आता आपल्या वर्गाकडे वळू. १९३९ मध्ये नाझींनी प्राग व्यापल्यावर रोमान याकबसन हा भाषाशास्त्रज्ञ डेन्मार्क, नॉर्वे असे करत स्वीडनला पोहोचला. १९४१ मध्ये तेथे त्याचा बालभाषा आणि वाचाघात यांवरील ग्रंथ निघाला. १९५६ मध्ये त्याने जो निबंध लिहिला तो साहित्याचे विद्यार्थी आजही वाचतात. भाषेचे दोन व्यापार असतात, निवड आणि जुळणी, आणि वाचाघातात यांपैकी एक बिघडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. निवड बिघडलेला रुग्ण सुरीऐवजी काटा म्हणतो, दिव्याऐवजी टेबल म्हणतो, चिलमीऐवजी धूर म्हणतो. तो साम्यावर नव्हे, सान्निध्यावर चालतो. जुळणी बिघडलेल्याचे वाक्य मोडून तारेच्या मजकुरासारखे होते, पण सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण म्हणण्यापुरते साम्य त्याला दिसते. येथून याकबसन साहित्यात शिरला. रोमँटिक आणि प्रतीकवादी काव्य साम्याकडे झुकते, वास्तववादी कादंबरी सान्निध्याकडे. 'आना कारेनिना'तील आत्महत्येच्या प्रसंगी टॉलस्टॉयचे लक्ष नायिकेच्या हातातल्या पिशवीवर कसे खिळते, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

संस्कृत काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांना यात ओळखीचे काही सापडेल. मम्मटाने लक्षणेचे गौणी आणि शुद्धा असे भेद केले. सादृश्यावर आधारलेली ती गौणी. सामीप्यादी अन्य संबंधांवर आधारलेली ती शुद्धा, आणि गंगेवरची गवळ्यांची वाडी हे तिचे पिढ्यान्‌पिढ्या दिले जाणारे उदाहरण. मम्मट सहृदयांच्या भाषेवरून या भेदापर्यंत आला आणि याकबसन रुग्णांच्या भाषेवरून. दोन इतक्या दूरच्या वाटा इतक्या जवळ याव्यात, यावरून एवढे तरी म्हणता येईल, की अलंकार हा भाषेवर चढवलेला दागिना नसून तिच्या चालण्याचाच भाग आहे.

मात्र येथे थांबून एक गोष्ट मान्य करायला हवी. याकबसनची सुरी आणि काटा, टेबल आणि दिवा ही उदाहरणे मुख्यतः कुर्ट गोल्डस्टाइन यांच्या नोंदींतून आली होती, आणि पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करता करताच गोल्डस्टाइन यांचे विचार घडले होते. आपण फळ्यावर उभी आणि आडवी रेघ ओढून दोन अक्ष शिकवतो, तेव्हा त्या रेघांखाली माणसे आहेत हे सांगायचे राहून जाते. शिवाय प्रत्यक्षातले रुग्ण दोन रकान्यांत नीट बसत नाहीत. सिद्धान्ताचा नीटनेटकेपणा हा बहुतेकदा काही वगळल्याचा परिणाम असतो.

ब्रोकांच्या सिद्धान्ताचेही तसेच झाले. त्यांनी तो मेंदू कापला नाही, अखंड जपून ठेवला. त्यामुळे २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चुंबकीय प्रतिमांकनाने त्या दोन्ही मेंदूंची आतून तपासणी करता आली. इजा पृष्ठभागावर दिसली त्याहून कितीतरी खोल गेलेली होती आणि दूरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचली होती. 'ब्रोकांचे क्षेत्र' म्हणून पाठ्यपुस्तकांत रंगवलेला ठिपका ज्या रुग्णावरून ठरला, त्याची वाचा केवळ त्या ठिपक्यात बसलेली नव्हती.

आणि त्या रुग्णाचे नाव? ब्रोकांनी आडनाव तेवढे नोंदवले होते, लबोर्न. दीडशे वर्षे जगाला त्याचा मेंदू ठाऊक होता, पण पूर्ण नाव ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये चेझारी डोमान्स्की या पोलिश इतिहासकाराने दफ्तरे धुंडाळून ते प्रसिद्ध केले. लुई व्हिक्तोर लबोर्न, जन्म १८०९, गाव मोरे, शिक्षकाचा मुलगा. लहानपणापासून त्याला अपस्माराचा त्रास होता. ज्यावर पादत्राणे बेततात ती लाकडी कलबुते तो पॅरिसमध्ये बनवीत असे. मोरे गावात कातडी कमावण्यासाठी झाडाची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या आणि त्या सालीला फ्रेंचमध्ये 'तां' म्हणतात. त्याचा एकमेव शब्द तेथून आला असेल का, असा तर्क डोमान्स्की यांनी केला आहे. तो सिद्ध करता येणार नाही. पण ज्या उच्चाराला सर्वांनी निरर्थक मानले, त्यात एका माणसाचे बालपण असू शकेल, एवढी शक्यता तरी त्याने उघडी केली.

ब्रोकांच्या टिपणात आणखी एक तपशील आहे. रुग्णालयातील सोबती या माणसाला स्वार्थी आणि सूडबुद्धीचा समजत, त्याच्यावर चोरीचाही आळ घेत. एकवीस वर्षे ज्याला आपली बाजू मांडता आली नाही, त्याच्या स्वभावाविषयी बोलक्यांनी दिलेला हा निवाडा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तो तसाच उचलावा का?

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांत, सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत, दिले तर अनेकांची वाणी वाचू शकते. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी यंत्राने ओढून काढण्याचा उपाय २०१५ मधील चाचण्यांनंतर प्रस्थापित झाला. ज्यांची वाणी गेलीच, त्यांच्यासाठी वाचोपचार आहेत. १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये पुढे आलेल्या एका पद्धतीत, बोलता न येणाऱ्यांनाही पुष्कळदा गाता येते या जुन्या निरीक्षणाचा आधार घेऊन, सुरांच्या आणि हाताच्या ठेक्याच्या मदतीने वाक्ये पुन्हा बसवली जातात. स्वीडिश कवी तुमास ट्रान्सट्रोमर याची वाचा १९९० च्या झटक्यात बरीचशी गेली. पण तो डाव्या हाताने पियानो वाजवत राहिला, त्याचे संग्रह १९९६ आणि २००४ मध्ये निघाले आणि २०११ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही औषध पोहोचत नाही अशी एक जागा उरते. घरातल्या वडीलधाऱ्यांची वाचा गेली की आपण त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी तृतीयपुरुषी बोलू लागतो. 'त्यांना आता काही कळत नाही,' हे वाक्य किती सहज उच्चारले जाते! भाषेलाच सर्वस्व मानणारे आपण या चुकीत अधिक सहज सापडतो, कारण जो बोलत नाही तो विचारही करत नाही, असे आपल्याला मनोमन वाटत असते. लबोर्नने बोटे उघडून एकवीस ही संख्या सांगितली आणि ती पुन्हा पुन्हा विचारली गेली तेव्हा तो चिडला. बोलणाऱ्यांनी आधी तेवढे ऐकायला शिकावे. असो.