जलाशय, बिबट्या आणि महानगर : दोन चित्रपट आणि तानसा परिसराचा इतिहास

प्रस्तावना

महानगरात वावरणारे हिंस्र श्वापद हा भयपटांचा जुना विषय आहे. अशा बहुतेक चित्रपटांत श्वापद बाहेरून येते, शहराची घडी विस्कटते आणि अखेरीस मारले जाते. या ठरीव मांडणीला छेद देणारा एक अमेरिकन चित्रपट १९८१ मध्ये प्रदर्शित झाला. व्हिटली स्ट्रीबर यांच्या १९७८ च्या कादंबरीवर आधारित व मायकेल वॉडली यांनी दिग्दर्शित केलेला 'वुल्फेन' हा तो चित्रपट होय. त्याच वर्षी 'द हाउलिंग' आणि 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' हे मानवाचा लांडगा होण्याच्या कल्पनेवरील दोन चित्रपट गाजले. त्यांच्या तुलनेत 'वुल्फेन' उपेक्षित राहिला. वॉडली यांचे नाव आजही प्रामुख्याने 'वुडस्टॉक' (१९७०) या संगीत महोत्सवावरील माहितीपटासाठीच घेतले जाते.

'वुल्फेन'ने मांडलेला प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येणार नाही. शहर आधी की श्वापद आधी, हा तो प्रश्न. मुंबई आणि तिला पाणी पुरविणारा शहापूर-मुरबाडचा प्रदेश यांच्या संदर्भात तो केवळ काल्पनिक राहत नाही. लांडगा हा महाराष्ट्रात मुख्यतः पठारावरील माळरानांचा प्राणी. कोकणपट्टीतील जंगलात त्याची जागा बिबट्याकडे आहे. याच बिबट्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' हा मराठी चित्रपट आला. या दोन चित्रपटांच्या आधारे तानसा परिसर व मुंबई यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. मुंबईच्या वेशीवरचा बिबट्या हा घुसखोर नसून शहराच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासाने राखलेला रहिवासी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

'वुल्फेन' : भयपटातील इतिहास

चित्रपटाची कथा न्यूयॉर्कमध्ये घडते. एक धनाढ्य बांधकाम व्यावसायिक व त्याची पत्नी यांची हत्या होते आणि डिटेक्टिव्ह ड्युई विल्सन (अल्बर्ट फिनी) तपास हाती घेतो. धागा पोहोचतो तो साउथ ब्राँक्समध्ये. १९७० च्या दशकात आगी, स्थलांतर आणि शासकीय अनास्था यांमुळे हा भाग ओसाड पडला होता. तेथील पडक्या इमारतींत लांडग्यांसारख्या, परंतु विलक्षण बुद्धिमान प्राण्यांचा कळप राहतो. तो बेघर व आजारी माणसांची शिकार करीत असतो; मात्र त्या मृत्यूंची कोणी दखल घेत नाही. वस्ती पाडून नवे संकुल उभारू पाहणारा श्रीमंत माणूस मारला जातो, तेव्हा कोठे यंत्रणा जागी होते.

उंच पोलादी पुलांवर काम करणारा एडी होल्ट (एडवर्ड जेम्स ओल्मोस) हा मूलनिवासी अमेरिकन तरुण विल्सनला या प्राण्यांची पूर्वकथा सांगतो. गोऱ्या वसाहतकारांनी ज्या काळात मूलनिवासींची भूमी घेतली, त्याच काळात लांडग्यांचाही संहार केला; जे उरले त्यांनी शहरांच्या पोटात आश्रय घेतला, असा त्या कथेचा आशय आहे. चित्रपटाच्या शेवटी विल्सन नियोजित संकुलाची प्रतिकृती स्वतःच्या हाताने फोडतो, तेव्हा कळप निघून जातो. हत्यांचे खापर मात्र दहशतवाद्यांवर फोडले जाते.

या कथेत तीन सूत्रे आहेत. श्वापदाचा भूमीवरील हक्क शहराच्या आधीचा आहे. श्वापद आणि आदिवासी यांचे विस्थापन एकाच प्रक्रियेतून झाले. आणि भयाची नोंद बळी कोण आहे यावर अवलंबून असते. ही तिन्ही सूत्रे मुंबईच्या संदर्भात तपासून पाहता येतात.

पाण्यासाठी राखलेले जंगल

ब्रिटिश राजवटीत हिंस्र प्राण्यांचा नायनाट हे शासकीय धोरण होते. वाघ, बिबट्या व लांडगा मारणाऱ्यास इनाम दिले जाई. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. ठाणे जिल्ह्यातून वाघ कालांतराने नाहीसा झाला, बिबट्या टिकला. त्याच्या टिकण्यामागे त्याची अंगभूत चिकाटी आहेच, परंतु एक ऐतिहासिक कारणही आहे. ते म्हणजे मुंबईची तहान.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावरील विहिरी व तलाव वाढत्या लोकसंख्येस अपुरे पडू लागले. त्यावर उपाय म्हणून साष्टीच्या डोंगरात विहार जलाशय बांधण्यात आला व तो १८६० मध्ये पूर्ण झाला. पाठोपाठ १८७९ मध्ये तुळशी जलाशय झाला. तेही पुरेनात, तेव्हा शहापूरच्या जंगलात तानसा नदीवर जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण बांधण्यात आले. १८९२ पासून तानसाचे पाणी नळांवाटे, केवळ उताराच्या बळावर, सुमारे शंभर किलोमीटरांवरील मुंबईत पोहोचू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३), पुढे भातसा आणि मध्य वैतरणा (२०१४) यांची भर पडली.

जलाशयाचे पाणी निर्मळ राहावे व गाळ साचू नये, यासाठी पाणलोट क्षेत्रातील झाडोरा राखणे आणि तेथून वस्ती व शेती दूर ठेवणे आवश्यक होते. या व्यावहारिक गरजेतून विहार-तुळशीभोवतीचे जंगल शाबूत राहिले आणि पुढे तेच आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा ठरले. तानसा व वैतरणा जलाशयांभोवतीचे तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक जंगल १९७० मध्ये तानसा अभयारण्य म्हणून घोषित झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. म्हणजेच मुंबईच्या परिसरात श्वापदाचे घर राखण्याचे काम कायद्याच्या कितीतरी आधी पाण्याने केले होते. वन्यजीवांविषयीचा कोणताही कळवळा त्यामागे नव्हता. तो शहराच्या स्वार्थाचा अनपेक्षित परिणाम होता.

'आजोबा'ची वाट

तानसा आणि राष्ट्रीय उद्यान हे दोन भाग नकाशावर वेगळे दिसत असले, तरी बिबट्याच्या दृष्टीने ते जोडलेले आहेत, हे २००९ मध्ये प्रत्यक्ष दिसून आले. तत्कालीन अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक प्रौढ नर बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या संशोधन प्रकल्पात त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारा पट्टा बसविण्यात आला. त्याचे नाव 'आजोबा' पडले. त्याला मुरबाड तालुक्याच्या सीमेवरील माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथून निघून त्याने मुंबई-आग्रा महामार्ग व कसारा परिसरातील लोहमार्ग ओलांडला, वसईच्या बाजूने खाडी पार केली आणि सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून तो राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. या संपूर्ण प्रवासात त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदर परिसरात महामार्गावरील वाहनाच्या धडकेत त्याचा अंत झाला.

या घटनेवर सुजय डहाके यांनी 'आजोबा' हा चित्रपट केला व उर्मिला मातोंडकर यांनी त्यात संशोधिकेची भूमिका केली. प्राणी आणि महानगर हा विषय भयाच्या वाटेने न नेता कुतूहलाच्या वाटेने नेणारा हा मराठीतील मोजक्या प्रयत्नांपैकी एक म्हणावा लागेल. 'वुल्फेन'मधील श्वापद अज्ञात राहते म्हणून भीती वाटते. 'आजोबा'तील श्वापदाचे प्रत्येक पाऊल नोंदले जाते म्हणून भीती ओसरते. दोन चित्रपटांतील फरक असा ज्ञानाचा आहे.

भयाचे बळी आणि भयाची कारणे

परंतु मुंबईतील भय निराधार होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जून २००४ या एका महिन्यात राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत सुमारे दहा माणसे मृत्युमुखी पडली. उद्यानाच्या कडेच्या झोपडपट्ट्या, आदिवासी पाडे आणि आरे वसाहतीसारख्या भागांना अशा हल्ल्यांची झळ प्रामुख्याने बसत आली आहे. बळींत लहान मुले अनेक असतात. ऑक्टोबर २०२२ मध्येही आरे वसाहतीत एका बालिकेचा बळी गेला. शौचालय, दिवाबत्ती आणि कचरा उचलण्याची व्यवस्था जेथे नाही, तेथे माणूस आणि बिबट्या यांची गाठ अंधारात पडते. २०१५ च्या एका अभ्यासात राष्ट्रीय उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबट्यांची छायाचित्रांद्वारे नोंद झाली आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश आढळला. कचऱ्यावर कुत्रे वाढतात व कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ही साखळी नागरी सुविधांच्या विषम वाटपाशी निगडित आहे.

दुसरे कारण अधिक विचार करावयास लावणारे आहे. जुन्नर परिसरात बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याच्या मोहिमेनंतर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार असलेले हल्ले मोहिमेच्या काळात सतरावर गेले, असे अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले आहे. मुंबईच्या उद्यानातही त्या काळात इतरत्र पकडलेले बिबटे सोडले जात. भीतीपोटी योजिलेला उपायच भीतीचे कारण ठरला. २०११ पासून वनखाते, अभ्यासक व नागरिक यांनी मिळून सुरू केलेल्या उपक्रमात पिंजऱ्याऐवजी लोकशिक्षण व स्वच्छता यांवर भर देण्यात आला, तो या अनुभवातूनच.

वाघोबा : सहजीवनाची परंपरा आणि तिच्या मर्यादा

'वुल्फेन'मध्ये जे स्थान मूलनिवासी अमेरिकनांना आहे, ते येथे वारली, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या जमातींचे आहे. या प्रदेशात पाड्यांच्या सीमेवर वाघोबाची स्थाने आढळतात. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, शेंदूर आणि सोबत चंद्र-सूर्य असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारशीला, त्याची पूजा होते. रम्या नायर व सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने नोंदविली आहेत. 'वाघ' या शब्दात पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात. त्यामुळे पट्टेरी वाघ गेला तरी दैवत उरले.

तथापि या परंपरेचे उदात्तीकरण टाळले पाहिजे. वाघोबा हा राखणदार आहे तसा कोपणाराही आहे. पूजेत कसूर झाल्यास तो गुरे नेतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे येथे भय नाहीसे झालेले नाही, त्याला रीत आणि मर्यादा लाभली आहे. 'वुल्फेन'मधील होल्ट हा गूढ ज्ञानाचा वाहक एवढाच उरतो. त्याच्या समाजाच्या जमिनीचा प्रश्न दंतकथेत विरून जातो. तोच दोष येथे घडू नये. वाघोबाचे कौतुक करणाऱ्या नागर समाजाने पाड्यावरील माणसाच्या वनहक्काकडे, मेलेल्या शेळीच्या भरपाईकडे आणि त्याच्या पाण्याकडेही पाहिले पाहिजे.

पाण्याचा उल्लेख येथे सहेतुक आहे. तानसा, भातसा व वैतरणेची धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या कुशीत आहेत, तेथील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जलाशयाने जंगल राखले, बिबट्या राखला, महानगर पोसले. परंतु त्याच्या काठावरच्या माणसाचा हंडा भरला नाही.

समारोप

पाणी आणि जंगल यांचे हे दीडशे वर्षांचे नाते आता उलट दिशेने वळत आहे. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि शहापूरच्या जंगलपट्ट्यातून आणखी एक रुंद रस्ता गेला. मुंबईला दररोज ४४० दशलक्ष लीटर पाणी देणारे गारगाई धरण तानसा अभयारण्याच्या क्षेत्रात प्रस्तावित आहे. त्यात जंगलासह आदिवासी गावांचे विस्थापन अंतर्भूत आहे. ज्या तहानेने जंगल राखले, तीच तहान ते बुडवू पाहत आहे.

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, मुंबईतील बिबट्याचा प्रश्न हा केवळ वन्यजीव व्यवस्थापनाचा प्रश्न नाही. तो शहर आणि त्याचा पाणलोट प्रदेश यांच्यातील देण्या-घेण्याच्या इतिहासाचा भाग आहे. भयपटाची भाषा श्वापदाला घुसखोर ठरवते आणि हा इतिहास झाकते. 'वुल्फेन' हा भयपट असूनही तो उघड करतो, हे त्याचे दुर्लक्षित महत्त्व होय. त्यातील डिटेक्टिव्हने नियोजित संकुलाची प्रतिकृती फोडून प्रश्न मिटविला. मुंबईला ती सोय उपलब्ध नाही. लाखो माणसांची तहान खोटी नाही. म्हणूनच गळती, पुनर्वापर आणि समन्यायी वाटप यांचा हिशोब आधी मांडला जाणे व त्या हिशोबात तानसाकाठचा पाडा आणि माळशेजहून निघालेल्या बिबट्याची वाट या दोहोंची नोंद असणे आवश्यक आहे.